गावाची दफनभूमी

दफनभूमीच्या कचेरीत शिंपीणबाईंचा नंबर दुसरा होता. त्यांच्या पुढे डोक्याला रुमाल बांधलेली एक पोरगी उभी होती आणि खिडकीत कारकून.

“नाही म्हणजे नाही, ताई. मुसलमानांची दफनभूमी पलीकडच्या शहरात आहे.”

“ती चार तासांवर! साहेब, आजच माती द्यायचीय. आणि ही तर सगळ्या गावाची आहे ना?”

“गावाची आहे. बाहेरून आलेल्यांची नाही.”

“तीस वर्षं झाली वडिलांना इथे येऊन.”

“करायचे काय?”

“इथेच होते. कबरी खणायचे.”

“म्हणजे आपले चाचा? अरेरे! कधी गेले?”

“पहाटे.”

“देवमाणूस हो! भर पावसातसुद्धा कधी नाही म्हणाले नाहीत. माझ्या वडिलांची कबर त्यांनीच खणली.”

“मग द्याल ना जागा?”

“अहो, माणूस लाख मोलाचा, पण नियम तो नियम. आज एकाला ओसरी दिली, की उद्या तुमचे सगळेच हातपाय पसरतील. बरं, तुमचा भाऊ धडधाकट आहे ना? त्याला सोमवारपासून कामावर पाठवा. इतके कामसू लोक आमच्यात कुठे मिळतात!”

“आजच पाठवते. पहिली कबर बापाची खणू द्याल?”

“पुढचे या!”

शिंपीणबाई जागच्या हलल्या नाहीत.

“आजी, तुम्हालाच म्हणतोय.”

“माझ्या आईला त्याच माणसाने अलगद खाली उतरवलंय. आधी या पोरीला उत्तर दे, मेल्या!”