ताईची किडनी

ताई: हलू नकोस म्हटलं ना! सरकली बघ पोटावरची वाळूची पिशवी.

धाकटा: नाक खाजवलं गं नुसतं. नाकाचा आणि किडनीचा काय संबंध?

ताई: सुई घालून तुकडा काढलाय आतून. रक्त यायला लागलं म्हणजे कळेल संबंध. संध्याकाळपर्यंत उताणं पडून राहायचं सांगितलंय. बाटली देऊ? लघवी लागली?

धाकटा: नाही.

ताई: सकाळपासून नाही?

धाकटा: लागली की तुलाच सांगणार ना. दवंडी पिटू का?

ताई: तोंड तेवढं चालतंय. माझी किडनी तुझ्या पोटात ठेवली ती काय दागिना म्हणून? वर्षभर कशी छान चालली होती! काय झालं रे ढब्बू हिला?

धाकटा: डॉक्टर आल्या बघ.

डॉक्टर: झोपा, झोपा. तुकड्याचा रिपोर्ट आलाय, दोघांना एकत्रच सांगते. किडनीत पांढऱ्या पेशी घुसल्यात. भरपूर.

ताई: म्हणजे जंतू?

डॉक्टर: नाही, जंतूंना मारणाऱ्या. यांच्याच रक्तातल्या. शरीराचे पहारेकरी म्हणा हवं तर. परकं काही दिसलं की तुटून पडतात. आता किडनीवर तुटून पडल्यात.

ताई: परकं? अहो, सख्खी बहीण आहे मी त्याची! पाळण्यात असल्यापासून याला कडेवर घेऊन फिरलेय.

डॉक्टर: खरंय. पण पेशींना नाती कळत नाहीत. म्हणून तर त्यांना गुंगीत ठेवायच्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या असतात. आणि यांच्या रक्तात गोळीचं प्रमाण निम्म्याच्याही खाली आलंय. चुकल्या का गोळ्या?

धाकटा: हो. चुकल्या.

ताई: काय?

धाकटा: वर्कशॉपमध्ये कामाचा रेटा होता. खुर्च्यांच्या ऑर्डरींसाठी गिऱ्हाइकं डोक्यावर बसली होती. राहून गेल्या. बऱ्याचदा.

ताई: काहीतरीच काय बोलतोस! डॉक्टर, खोटं बोलतोय हा. सकाळ-संध्याकाळ मी समोर उभी राहते. गिळली की तोंड उघडून दाखवायला लावते, एवढ्या चाळिशीच्या घोड्याला!

धाकटा: ताई, तू गप्प बस.

ताई: का म्हणून? एक गोळी चुकलेली नाही.

डॉक्टर: थांबा. गोळ्या चुकल्या असतील तर उपाय सोपा आहे, पुन्हा नीट घ्या. पण चुकल्या नसतील, तर कशानं तरी गोळी वाया जातेय. ते बंद झालं नाही, तर मी इथे इंजेक्शनं देऊन पेशी शांत करीन आणि घरी गेल्यावर पुन्हा हेच होईल. मग ही किडनी वाचायची नाही. खरं काय ते सांगा.

धाकटा: सांगितलं ना. विसरलो.

डॉक्टर: सकाळी मी विचारलं होतं, झाडपाल्याचं काही घेता का, काढा, भुकटी. त्यावर तुम्ही छताकडे बघत बसलात.

(शेजारच्या खाटेजवळचं यंत्र वाजत राहतं.)

ताई: भुकटी… म्हणजे कसली?

डॉक्टर: ताकद येते, प्रतिकारशक्ती वाढते म्हणून विकतात ना, तसली.

ताई: ती तर मी देते.

धाकटा: ताई!

ताई: चहातून. रोज चमचाभर. याला न सांगता.

डॉक्टर: बाहेरचं काही देऊ नका म्हणून बजावलं होतं तुम्हाला.

ताई: औषध देऊ नका म्हणालात. हे औषध कुठं, भुकटी ती! सारखा शिंकायचा हो हा, जरा वारा लागला की अंथरूण धरायचा. दुकानदार म्हणाला, प्रतिकारशक्ती वाढेल. म्हटलं, वाढली तर वाईट काय?

डॉक्टर: यांची प्रतिकारशक्ती आम्ही मुद्दाम कमी ठेवलीय, ताई. तुमच्या किडनीसाठी.

ताई: अगं आई गं…

डॉक्टर: डबा बघितल्याशिवाय मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण काही झाडपाल्यांनी गोळीचा असर उतरतो. इंजेक्शनं आजच सुरू करते. जेवढी वाचेल तेवढी वाचवू. शब्द मात्र देत नाही. लघवी होतेय का, लक्ष ठेवा. आणि तो डबा आणून दाखवा मला.

ताई: …गेल्या त्या. आता बोल. तुला माहीत होतं?

धाकटा: चहा कडू लागायचा. वाटलं, पत्ती बदललीस. सकाळी त्यांनी विचारलं तेव्हा डोक्यात उजेड पडला.

ताई: आणि सगळं स्वतःवर घेतलंस? मूर्खा, मी घरी नेऊन पुन्हा तेच पाजलं असतं!

धाकटा: चहाच सोडणार होतो.

ताई: म्हणजे जन्मभर माझ्या हातचा चहा नको म्हणणार, पण कारण नाही सांगणार!

धाकटा: कुठल्या तोंडानं सांगू? ऑपरेशननंतर शुद्धीवर आलीस तेव्हा पहिलं काय विचारलंस, आठवतंय? ‘त्याला लघवी झाली का?’ तुझी जखम ओली होती तेव्हा! अशा बाईला सांगू, की तुझी किडनी तूच…

ताई: बोल ना. मीच मारली.

धाकटा: मेली नाहीये अजून.

ताई: एवढा जीव टाकला रे तुझ्यावर. काळजी घेण्यात माझा हात कोण धरणार, असं वाटायचं मला. त्याच हातांनी मी…

धाकटा: ताई, रडू नकोस. तू रडलीस की मलाही रडू येतं, पोट हलतं आणि पिशवी सरकते. मग ओरडशील.

ताई: मेल्या, गप्प पड.

धाकटा: ताई.

ताई: आता काय?

धाकटा: बाटली दे.

ताई: लागली? थांब, थांब, उठू नकोस! हं, धर. मी बघत नाही तिकडे… झाली?

धाकटा: थोडीशीच गं.

ताई: बघू. थोडी तर थोडी. चालू राहा गं बाई. चुकले मी. माझ्यावरचा राग त्याच्यावर काढू नकोस.

धाकटा: कुणाशी बोलतेस?

ताई: तू पड गुपचूप. आमचं दोघींचं चाललंय.