गुरुजींचा रिव्हर्स गिअर

गेवराईत माझं गॅरेज नवंच होतं, तवाची गोष्ट हाय. आमचे शाळेतले गुरुजी गाडी घेऊन आले. रिव्हर्स टाकला की नुसती खरखर, गिअर पडायचाच न्हाई.

"दोन मिस्त्री म्हणले, गिअरबॉक्स खोलावा लागंल. तुला जमंल का?"

मी म्हणलं, "जमंल की. पण आधी बघू द्या."

आत बसून क्लच दाबला, तर पेडल खालपर्यंत जाईचना. वाकून बघितलं, तर पेडलखाली नवी जाड मॅट दुमडलेली. ती ओढून काढली, पुन्हा क्लच दाबला अन् रिव्हर्स अलगद पडला.

"गुरुजी, काहीच खोलायचं न्हाई. मॅट अडकलती."

गुरुजींनी मॅट हातात घेऊन उलटसुलट बघितली. मग हळूच म्हणले, "आठ दिवस झाले, अख्खी गल्ली माझी गाडी मागं ढकलतीय रे. आता त्यांना काय सांगू?"