सरूबाईचा गडी

नंदा : आबा, दादानं दाराला लावायला दिलेलं कुलूप कुठंय?

धर्माजी : हिरीत टाकलं.

नंदा : विहिरीत! अहो, त्याच्यासाठीच तर मी भोसरीहून सुट्टी टाकून आले. गोकुळदादा म्हणाला, तू सांग, ते मुलीचं ऐकतात. सोमवारी आई कॅनॉलच्या पलीकडं उसात सापडली. त्याच उसातनं बिबट्यानं बहिरूमामांची शेळी नेली. पिंजरा लावलाय तिथं वनखात्यानं.

धर्माजी : मला सांगतीस? मीच हुडकून आणली तिला.

नंदा : मग?

धर्माजी : दिस कलला की तिला मेंढरं आणाय जायचं असतं. थांबत न्हाई.

नंदा : मेंढरं विकून वीस वर्षं झाली, आबा.

धर्माजी : आपल्याला झाली. तिची आजून रानातच हाईत.

नंदा : म्हणून तर कुलूप म्हणतोय आम्ही. संध्याकाळचे दोन तास फक्त.

धर्माजी : लावलं की. एक दिस लावलं. मी भाईर वट्यावं बसून ऱ्हायलो. आधी दार वाजीवलं तिनं. मग शिव्या दिल्या. मग रडली. आन् मग माझं नाव घेतलं.

नंदा : आईनं? तुमचं नाव?

धर्माजी : “आवं धर्माजी, कुठं गेलासा, मला कोंडलंय हितं.” बावन्न वर्सांत कवा घेतलं न्हाई. तुझ्या लग्नात बायकांनी उखाणा घे म्हणून धरली, तर हात सोडवून पळाली व्हती. आन् ती मला हाका मारतीया, मी दाराच्या ह्या अंगाला, किल्ली माझ्याच खिशात. तूच सांग, मी काय करायचं व्हतं?

नंदा : ... दादाला काय सांगू मी?

धर्माजी : सांग, म्हातारा ऐकत न्हाई.

नंदा : तुमचा गुडघा धड नाही. अठ्ठ्याहत्तर वय. रोज उसाच्या कडंनं तिच्यासंगं हिंडता. काही झालं म्हणजे?

धर्माजी : काठी आसती. बॅटरी आसती. मोबाईलवं गाणी लावतो मोठ्यानं. आन् मी तिच्या मागनं चालतो. ते जनावर मागनं येतं.

नंदा : म्हणजे आधी तुमच्यावर.

धर्माजी : मग कुणावं येऊ द्यायचं? खिळ्यांचा पट्टा बी केला व्हता तिच्या गळ्याला, बिबट्यानं नरडं धरू नये म्हणून आता गावात बायामाणसं घालत्यात तसला. फेकून दिला. म्हणली, मी काय मेंढरामागची कुत्री हाय का?

नंदा : हसू नका, आबा.

धर्माजी : हसू न्हाई तर काय करू? मंचरच्या डॉक्टरानं सांगितलं तुमच्या म्होरंच. गोळ्या देतो, पर डोस्क्यातनं गेलेलं माघारी यायचं न्हाई.

नंदा : तुम्हाला ओळखते का आता?

धर्माजी : गडी म्हणती.

नंदा : काय?

धर्माजी : मालकानं ठिवलेला गडी. मालक मेंढरं घेऊन मागनं येत्यात, तवर हा कामाला.

नंदा : आणि तुम्ही गप्प बसता? सांगत का नाही तिला?

धर्माजी : सांगितलं एकदा. मीच तुझा मालक, म्हणलं. लई भ्याली, पोरी. कोपऱ्यात जाऊन बसली, पदर घट आवळून. तिच्या लेखी कोण परका म्हातारा घरात शिरून नवरा म्हणवतोय! दोन दिस माझ्या हातचं जेवली न्हाई. तवापासनं मी गडीच. गड्याच्या हातचं जेवती, गड्याला येणी घालू देती.

नंदा : तुम्ही वेणी घालता?

धर्माजी : घोड्याची आयाळ गुंफायचो. तसंच आसतंय ते.

नंदा : आबा... लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचे आई-बाप असेच असतात. तुम्ही बाहेरून आलात की ती पाण्याचा तांब्या घेऊन उभी. ती जेवल्याशिवाय तुम्ही आडवं व्हायचा नाही. माझं लग्न झालं तेव्हा कळलं, असं सगळीकडं नसतं. माणूस वाईट नाही माझा. पण ताप आला तरी पाणी मला मागावं लागतं.

धर्माजी : हळू बोल. उठली ती.

सरूबाई : ए गड्या, दिस कुठं गेला बघ. काठी घे. ह्या कोण पावण्या?

धर्माजी : नंदा हाय, मालकीण. लांबनं आलीया.

सरूबाई : नंदा. नाव चांगलं हाय. माझ्या पोरीचं बी त्येच ठिवायचं म्हणत्यात आमचं मालक. तुमी का रडताय, बाई?

नंदा : डोळ्यात काहीतरी गेलंय. मी येऊ का तुमच्यासंगं?

सरूबाई : या की. मेंढरं वळवाय माणूस लागतंच.

(तिघं उसाच्या कडेनं पाणंदीला लागतात.)

नंदा : तुमचे मालक कसे आहेत, मावशी?

सरूबाई : लई मऊ माणूस. एकदा कोकणातनं वर येताना माझ्या पायाला जखम झाली, पाऊल टेकंना. तर बिऱ्हाड घोड्यावरनं उतरवलं, आपल्या डोक्यावं घेतलं, आन् मला बसवली घोड्यावं. संगतीची माणसं हसली. बायकूला घोड्यावं मिरवतोय म्हणून. मी लाजून मेले. ह्यांनी मान बी वर केली न्हाई. घाट चढूस्तवर तसंच. गड्या, ऐकतुयास न्हवं?

धर्माजी : ऐकतोय, मालकीण.

सरूबाई : तुज्यासारख्यानं ऐकावं. शिकावं.

धर्माजी : व्हय.

नंदा : आबा, तुम्ही पुढं व्हा. तिच्या जोडीनं चाला. आजच्या दिवस मागं मी आहे.

धर्माजी : नगं. तुझी पोरं हाईत घरी.

नंदा : आबा, व्हा म्हणते ना पुढं. मला तेवढंच करता येतंय.

धर्माजी : ... धर मग. बॅटरी उसाकडं धर. गाणं बंद पडू देऊ नगंस.

सरूबाई : गड्या, आज बरूबर चाललास? चाल. माझं काय म्हणणं न्हाई. तुला बायकू हाय का रं?

धर्माजी : हाय.

सरूबाई : मग माझ्यामागं कशाला हिंडतोस? अंधार पडायच्या आत जा तिच्याकडं. वाट बघत आसंल बिचारी.

धर्माजी : जातो. लांब न्हाई, हितं जवळच हाय.