शरदच्या गाडीचे नवे ब्रेक

आईच्यान सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणजे, मी गाडीत बसलो होतो एवढं तरी नक्कीच खरं.

आमच्या शरदनं त्याच्या जुन्या स्पोर्ट्स कारले महागडे परदेशी ब्रेक बसवले. वहिनीनं बजावलं होतं, "हे ब्रेकही नाही लागले, तं गाडी विकायची." सोबत जाऊन पाहायचं आणि वहिनीले खरं काय ते सांगायचं, हे काम माह्याकडे.

करडी गावच्या रस्त्यावर शरदनं गाडी शंभरावर नेली. वळण संपलं, अन् पाहतो तं समोर डांबरावर लाखोळीचं अख्खं पीक पसरलेलं!

"दाब बे, दाब!" मी ओरडलो.

त्यानं दाबला. गाडी पिकाच्या वीतभर अलीकडे थांबली.

कडेला बसलेली म्हातारी सूप आपटून उठली. "काहून थांबला रे?"

"मावशी, तुमचं पीक वाचवलं ना!"

"वाचवलं? गाड्या वरून जाव्या, दाणे मोकळे व्हावे, म्हणून तं सकाळपासून पसरवून बसली मी! चाल, जा वरून!"

मग शरदनं निमूटपणे पाच फेऱ्या मारल्या. वहिनीले मी हे असंच सांगितलं, आणि गाडी विकायची वाचली.

आता तुम्हाले म्हणून सांगतो, यातली एकच गोष्ट माह्या पदरची आहे. खरं तं ब्रेक लागलेच नव्हते. गाडी सरळ पिकावरून पार गेली, अन् मावशी मागून ओरडली, "वा रे बाबू! असाच वापस ये!"