अंतकलाबाईचे हात

मी नागभीडाजवळच्या खेड्यातली, भाऊ. माहेरी धान, सासरीही धान, अर्धा जलम चिखलातच गेला समजा. मालक वारले तवापासून इथी म्हाताऱ्याइच्या आश्रमात काम करून राह्यली. इथी सारे विसरलेले बुडे-बुड्या हायेत, कोणाले लेकराचं नाव आठवत नाई, कोणाले सोताचं.

काय सांगू तुम्हाले, अंतकलाबाई आली तं पोरानं उचलूनच आणली. पोरगा घुग्घुसले कोळशाच्या खाणीत कामाले, मायवर लय जीव त्याचा, घरी तिले हलूच देत नव्हता, घास भरवे, पाणी पाजे, आपल्याइकडं म्हाताऱ्या मायनं काम केलं तं लोक पोराले नावं ठेवतात ना, म्हणून. बुडी विसरली होती भाऊ, पण लुली नव्हती, बसवून बसवून लुली केली. आश्रमाची डॉक्टरीणबाई म्हणे, जमते तेवढं तिचं तिलेच करू द्या. मंग मी तिच्यापुढं सूप ठेवलं, तांदूळ टाकले. लय दिवस नुसती पाहे. मंग एकडाव खडा वेचला अन् माह्याच हातात देल्ला, मी रडलीच. दिवाळीपर्यंत आपल्या हातानं भात खाये, भिंत धरून चाले, अन् वरून मलेच म्हणे, काऊन वं पोरी, धान नीट वाळवता येत नाई तुले?

तेवढ्यात पोरगा भेटाले आला, तं माय सूप घेऊन बसलेली. असा भडकला! मी जित्ता असताना माह्या मायले कामाले लावता? मी हात जोडले, म्हटलं भाऊ, हे काम नाई, हेच तिचं औषध हाये. कोण ऐकते? घेऊन गेला. घरी पलंगावर निजवली, सून घास भरवे, अन् शेजारीपाजारी म्हणत, पोरगा असावा तं असा.

उन्हाळ्यात परत आणली. गुडघे पोटाशी गेलेले, दोन्ही मुठी आवळलेल्या. पोरगा म्हणे, बाई, लावा तिले कामाले, काहीही लावा. अन् दारातच बसून रडला. त्यानं का माया कमी केली?

आता रोज कोमट पाण्यात हात धरते तिचे, एकेक बोट सोडवते. डॉक्टरीणबाई म्हणे, चालणं गेलं आता, हात सुटले तं नशीब. माह्या जीवाले लय लागते भाऊ, पण मी सोडत नाई. पोरगा सुट्टी भेटली का येते, त्याचं भलं होवो. आला का पोरगाच तिच्या बोटाइत भात ठेवते, तिचा हात आपल्या हातानं तोंडापर्यंत नेते. भात सांडते. पोरगा पुन्हा ठेवते, अन् म्हणते, खा माय, तुह्या हातानं खा.