बांगडा, पापलेट आणि शून्य

आमचं लग्न कॉम्प्युटरनं जमवलं यार, खोटं नाही सांगत! फ्लॉपीच्या जमान्यात अंधेरीच्या क्लासमध्ये मी आणि वेसाव्याची नलू एकाच मशीनवर सी भाषेत प्रोग्राम लिहायला शिकायचो. प्रोग्राम साधा होता, माशाचं नाव टाईप करायचं, मशीननं तो ओळखायचा. मी एनममध्ये, म्हणजे नंबरांच्या यादीत, माशांना ओळीनं नंबर दिले. आम्ही मालवणी, म्हणून पहिला बांगडा, मग पापलेट.

नलूनं पापलेट टाईप केलं. स्क्रीनवर बांगडा! सुरमई टाकली, तरी बांगडा. बांगडा टाकला, तर पापलेट!

"तुला सगळीकडे बांगडाच दिसतो रे," नलू म्हणाली.

सर हसले. "अरे, स्ट्रिंग कम्पेअर हे फंक्शन दोन नावांतला फरक सांगतं. नावं सारखी असली की शून्य येतं, फरक शून्य. तू शून्य म्हणजे वेगळी, असं उलटं धरलंस."

पुढे मी नलूला मागणी घालायला गेलो. तिचे बाबा म्हणाले, "तुमी मालवणी, आमी कोळी. फार फरक हाय."

आतून नलू ओरडली, "बाबा, फरक शून्य येतं! सरांनी सांगितलंय!"

बाबांना शून्य कळलं नाही, पोरीचा आवाज मात्र कळला. "जेवून जा," म्हणाले.

मी मनात पापलेट म्हटलं. पानात आला बांगडा!