दुल्लाच्या दारातली वाट

(इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटाजवळ, समुद्रात खांबांवर उभी असलेली बाजाव कोळ्यांची वस्ती. भर दुपार, ओहोटी.)

तोंपो : वहिनी, इथल्या फळ्या कुठायत?

नुरिया : कुठल्या?

तोंपो : तुमच्या दारासमोरच्या. काल संध्याकाळी त्यांच्यावरूनच घरी गेलो मी. आत्ता खालून चिखलातनं आलोय, बघा पाय.

नुरिया : चुलीत गेल्या. ऑक्टोपस शिजायला वेळ लागतो.

तोंपो : चेष्टा नको. उद्या परदेशी पाहुणे येतायत माझ्याकडे, पैसे देऊन राहायला. नव्या घरातले पहिलेच.

नुरिया : मग होडीनं आणा की, भावजी. तुम्हाला काय होड्यांचा तोटा?

तोंपो : भरतीला आणीन. ओहोटी लागली की? अर्धा दिवस डांबून ठेवू त्यांना?

नुरिया : सवय होते. आमच्याकडे एक माणूस वर्षानुवर्षं तसाच पडून आहे.

तोंपो : तो विषय मिटलाय.

नुरिया : कुणी मिटवला?

तोंपो : गावप्रमुखांनी. चारचौघांत माफी मागितली मी दादाची. सगळ्यांनी ऐकली.

नुरिया : मी नाही ऐकली. मी आत यांचं अंथरूण बदलत होते. तुम्ही मंडळी बाहेर कॉफी पीत होतात.

तोंपो : वहिनी, गस्तीची बोट अंगावर आली होती. त्या जागी मासेमारीला बंदी. सापडलो असतो तर दोघंही तुरुंगात सडलो असतो.

नुरिया : ते हवेची नळी तोंडात धरून तळाशी होते. तुम्ही त्यांना नळीसकट ओढलंत. एका दमात, गळाला लागलेला मासा ओढावा तसं.

तोंपो : टाकून तर नाही ना पळालो?

नुरिया : इतक्या खोलातून माणसाला थांबत थांबत वर घ्यायचं असतं, नाहीतर पाय कायमचे लुळे पडतात. इथलं शेंबडं पोरही सांगेल. तुम्हाला नेमकं तेव्हाच आठवलं नाही.

तोंपो : हे बघा, वाट गावाची आहे.

नुरिया : गावाची वाट माझ्या घरापाशी संपते. पुढे तुमचं एकट्याचं घर. माझ्या खांबांवर फळ्या टाकण्याआधी विचारलंत मला? आपल्यात सासऱ्याच्या घराला घर जोडताना नवा जावईसुद्धा विचारतो.

तोंपो : तुम्ही नाही म्हणाला असतात.

नुरिया : बरोबर ओळखलंत.

तोंपो : काय पाहिजे ते बोला. छप्पर घालून देतो नवं. पत्र्याचं.

नुरिया : तुमच्या पाहुण्यांना चिखलात रुतताना बघायचंय. इथं बसून.

तोंपो : बायकोचं सगळं सोनं त्या घरात गेलंय, वहिनी. हे नाराज होऊन गेले, तर पुढचे यायचे नाहीत. बुडेन मी.

नुरिया : बुडा. यांना तर तुम्ही बुडूही दिलं नाहीत.

दुल्ला : (आतून) नुरिया, फळ्या टाक.

नुरिया : तुम्ही आत पडून राहा. मी बघते काय ते.

दुल्ला : भिंत झावळ्यांची आहे. सगळं ऐकलंय मी. टाक म्हणतो ना. माझ्या अंथरुणाखाली लपवल्यायस तू, पाठीला टोचतायत.

तोंपो : अल्ला तुझं भलं करो, दादा. सख्ख्या भावानं केलं नसतं. मन मोठं तुझं.

दुल्ला : माझं मन राहू दे. नुरिया, उद्या सकाळी मला बाहेर काढ. दारात बसव, खांबाला टेकवून.

नुरिया : उन्हात कशाला?

दुल्ला : आणि पाय फळ्यांवर ठेव. आडवे. दोन्ही.

तोंपो : दादा, दोन फळ्यांची तर वाट. माणसं जायची कुठून?

दुल्ला : ओलांडून.

तोंपो : असं कुठं असतं? आपल्यात कुणी झोपलेल्या पोराला ओलांडत नाही. तेही बिचकतील. पाय जरा आत घ्या म्हणतील.

दुल्ला : म्हणू देत. जितके आणशील तितके म्हणतील.

तोंपो : मग?

दुल्ला : मग मी पाय का घेत नाही, ते तू सांग. मला त्यांची भाषा येत नाही.